बाहेरून पाहिलेला वाडा

पुस्तक न वाचता त्याचं परीक्षण लिहिणं ही आपल्याकडची जुनी आणि मान्यताप्राप्त परंपरा आहे. प्रस्तावना चाळायची, मलपृष्ठावरचा मजकूर थोडा उलटासुलटा करून उतरवायचा, छपाईच्या दोन-चार चुका दाखवायच्या आणि 'लेखकाकडून अधिक अपेक्षा आहेत' असं म्हणून पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात सारायचं. मी मात्र हे पाप आजवर कधी केलेलं नाही. (मला परीक्षणासाठी आजवर कोणी पुस्तकच पाठवलेलं नाही, हे एक कारण.) आज आयुष्यातलं पहिलं परीक्षण लिहायला बसलो आहे ते एका घराचं, आणि त्या घराच्या आत मी पाऊलही टाकलेलं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. यात माझा दोष नाही. ते घर कोणालाच आत घेत नाही.

घर म्हणजे जपानातल्या क्योतो शहराच्या पश्चिमेला, कात्सुरा नदीच्या काठी असलेलं कात्सुरा रिक्यू. 'रिक्यू' म्हणजे राजघराण्यातल्या मंडळींचा, मुख्य वाड्यापासून लांब बांधलेला वाडा. सतराव्या शतकातलं बांधकाम. जगातले मोठमोठे वास्तुशास्त्रज्ञ या घरापुढे नतमस्तक झालेले आहेत. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका पेन्शनराने त्यावर मत द्यावं हा आगाऊपणा आहे. पण हजार येन मोजलेल्या माणसाला मत असतंच. नाटकाला फुकट पासावर गेलेला माणूस 'छान झालं हो' म्हणून घरी जातो. तिकीट काढलेला माणूस मध्यंतरातच नेपथ्यावर घसरतो. कात्सुराचं दर्शन 2018 सालापर्यंत फुकट होतं म्हणे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरापासून तिकीट लागू झालं. आम्ही पोचलो ते त्यानंतर. फुकटची गोष्ट बंद झाल्यावर पोचणं हा आमच्या घराण्याचा गुणधर्मच आहे.

आमचा भाचा ओसाकाला नोकरीला असतो. तो फोनवर म्हणाला, "मामा, मामीला घेऊन नोव्हेंबरात या. इथे पानं रंगतात."

पान रंगतं म्हटल्यावर मला कात आणि चुनाच आठवला. पान रंगायचं ते तोंडात, आणि त्यासाठी मंडईच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलं की भागतं. विमानाचं तिकीट काढून पानं रंगलेली बघायला जायचं म्हणजे जरा अति होतं. पण आमच्या हिने तोवर कपाटातून बॅगा काढल्या होत्या. शिवाय कोणीतरी तिला सांगितलं होतं, की जपानात घराघरात बूट काढावे लागतात. माझ्या मोज्यांचा इतिहास तिला ठाऊक असल्यामुळे तिने लक्ष्मी रोडवरून सहा जोड नवे मोजे आणले. त्यातला सर्वांत उंची जोड, राखी रंगाचा, खास कात्सुरासाठी राखून ठेवला होता. त्या मोज्यांचं पुढे काय झालं हे मी पहिल्या परिच्छेदातच सांगून बसलो आहे.

राजघराण्याचा कारभार बघणारं एक सरकारी खातं आहे, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. तारीख नेमून मिळते, वेळ नेमून मिळते, दारावर पासपोर्ट दाखवावा लागतो. हे सगळं भाच्याने केलं. ओसाकाहून आगगाडीत बसलो, कात्सुरा स्टेशनावर उतरलो आणि वीसेक मिनिटं चालत गेलो. स्टेशन अगदी आपल्या उपनगरातल्यासारखं. सायकली, दुकानं, शाळेतून येणारी पोरं. राजवाड्याच्या वाटेवर कोपऱ्याकोपऱ्याला टोप्या, नारळपाणी आणि 'गाइड साब' असायला हवेत, ते नव्हते. मग एकदम डाव्या-उजव्या हाताला बांबूचं कुंपण लागलं. जवळ जाऊन बघतो तर जिवंत बांबू! बेटातले उभे बांबू वाकवून, त्यांची पानं तशीच ठेवून, खालच्या आधाराला विणून टाकलेले. कुंपणच वाढतंय. मला ते फार आवडलं. आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवरून गेली अकरा वर्षं जो वाद चालू आहे, तोही जिवंत आहे म्हणा, पण त्याला पानं नाहीत.

प्रतीक्षागृहात एक माहितीपट दाखवतात. तो बघून झाल्यावर वीसेक माणसांचा आमचा कळप आत सोडला. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शक बाई आणि सर्वांत शेवटी एक गणवेशातले गृहस्थ. ते तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. कोणी मागे रेंगाळलं की तेही रेंगाळतात. कोणी फोटोसाठी थांबलं की तेही थांबतात आणि आकाशाकडे बघतात. माझ्या लग्नात मुलीकडचे एक काका जेवणावळीत असेच उभे होते.

आता मुख्य परीक्षणाकडे वळतो.

या बागेची पहिली गंमत म्हणजे ती दिसत नाही. हजार येन घेऊन आत सोडल्यावर कोणताही शहाणा मालक आधी तळं दाखवील. इथे तळ्याकडे जाणारी एक छोटीशी वाट आहे आणि तिच्या टोकाला, नेमका नजरेच्या आड येईल असा, एक बुटका पाइन लावलेला आहे. मार्गदर्शक बाईंनी तो कौतुकाने दाखवला. पडदा म्हणूनच त्याची योजना आहे. तळं आहे एवढं कळावं, पण दिसू नये. नवरी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पूर्वी स्वयंपाकघराच्या दारातून नुसता बांगड्यांचा आवाज यायचा, तोच प्रकार.

दुसरी गंमत पायाखाली आहे. सगळी वाट दगडांची. एकेक सुटा दगड, त्यांच्यामध्ये शेवाळ. दगडांची अंतरं सारखी नाहीत, उंची सारखी नाही, आकार तर नाहीच नाही. खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकणं अशक्य. त्यामुळे मी दहा मिनिटं स्वतःचे बूट बघत चाललो होतो आणि मनात म्हणत होतो, की हेच करायचं तर पुण्याचे फुटपाथ काय वाईट होते? आणि मग एकाएकी एक मोठा, रुंद दगड आला. दोन्ही पाय शेजारी ठेवता येतील एवढा. आपोआप थांबलो, आपोआप मान वर झाली, आणि समोर ते सगळंच्या सगळं तळं, पलीकडे गवती छपराचं चहाघर, पाण्यावर लवलेला एक लालभडक मेपल आणि त्याचं पाण्यातलं दुसरं झाड. माझ्या तोंडून 'अरेच्चा' बाहेर पडलं. शेजारी एक जर्मन बाई उभ्या होत्या, त्यांच्याही तोंडून त्यांच्या भाषेतलं 'अरेच्चा' बाहेर पडलं.

म्हणजे बघा, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवून ठेवलं होतं, की कधीकाळी इथे एक गुडघेदुखीचा पेन्शनर येईल, तो अमुक दगडापर्यंत खाली मान घालून चालेल आणि तमुक दगडावर मान वर करील. दिग्दर्शक मेला, त्याचं घराणं संपलं, पण नाटकाच्या हालचाली अजून त्याच. आमच्या हौशी नाट्यसंस्थेत पहिल्या अंकातल्या हालचाली दुसऱ्या प्रयोगापर्यंत टिकत नसत. हा दिग्दर्शक कोण होता यावर पंडितांचे वाद आहेत. पूर्वी कोबोरी एन्शू या बागकामातल्या बड्या नावावर सगळं श्रेय जमा करत. आता ते कोणी फारसं मानत नाही.

वाटेत एक अपघात होता होता राहिला. एका वळणावर दोन वाटा फुटत होत्या आणि त्यातल्या एकीच्या पहिल्याच दगडावर कोणीतरी एक पुडा विसरलं होतं. मुठीएवढा गोल पुडा, काळ्या दोरीने चारी बाजूंनी नीट बांधलेला, वर गाठ. चितळ्यांच्या दुकानातला पेढ्यांचा पुडा मी शंभर पावलांवरून ओळखतो, हा तसाच. उचलून मार्गदर्शक बाईंना द्यावा या शुद्ध हेतूने मी वाकलो. मागून एक खोकला आला. अगदी बारीक. वळून बघतो तर गणवेशातले गृहस्थ आकाशाकडे बघत होते.

भाचा कानात म्हणाला, "मामा, तो दगड आहे. त्याचा अर्थ, इकडे जायचं नाही."

एवढंच! एक दगड, एक दोरी. ना 'सक्त मनाई', ना 'हुकुमावरून', ना 'कळत नाही का?', ना दुपारी एक ते चारचा उल्लेख, ना 'येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल'. पुणेरी पाटीच्या वाङ्मयात वाढलेल्या माणसाला हा दगड म्हणजे एक चपराक होती. मी जन्मभर समजत होतो, की कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त अपमान ही आमची कला. इथे शब्दच नाहीत आणि अपमानही नाही. आणि वीस माणसांतलं एकही माणूस त्या वाटेनं गेलं नाही. (एक जण वाकला होता, पण त्याचा हेतू शुद्ध होता.)

पुढे तळ्यात घुसलेला गोट्यांचा एक लांबोडका सुळका आहे, टोकाला एक दगडी दिवा. त्याच्या पलीकडे छोट्या पुलांनी जोडलेली दोन-तीन बेटं. हे म्हणजे आमानोहाशिदाते. क्योतोच्या उत्तरेला, जपानच्या समुद्रात पाइनच्या झाडांनी भरलेला वाळूचा एक लांब पट्टा आहे, जपानातल्या तीन अतिप्रसिद्ध देखाव्यांपैकी एक. त्याची ही छोटी आवृत्ती. आणि ती इथे का आली? हा वाडा ज्याने सुरू केला तो राजपुत्र तोशिहितो. त्याची बायको क्योगोकू घराण्यातली. तिचे वडील त्या समुद्राकाठच्या तांगो प्रांताचे सरदार. थोडक्यात, बायकोच्या माहेरचा समुद्र नवऱ्याने बागेत आणून ठेवला, असं सांगतात.

हे भाच्याने मराठीत समजावून सांगायला नको होतं. आमच्या हिचं माहेर गुहागर. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून "बघा" म्हणाली. अडतीस वर्षांत मी गुहागरच्या समुद्राचा साधा फोटोसुद्धा भिंतीवर लावलेला नाही. आमच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे.

या तोशिहितोची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. राजघराण्यातलं हे पोर तोयोतोमी हिदेयोशीने दत्तक घेतलं. हिदेयोशी म्हणजे त्या काळचा जपानचा सर्वेसर्वा. पण 1589 साली हिदेयोशीला स्वतःचा मुलगा झाला आणि दत्तक रद्द. तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा. त्याची समजूत काढायला त्याला स्वतंत्र घराणं काढून दिलं. पुढे 1598 साली सम्राट असलेल्या थोरल्या भावाच्या मनात आलं, की गादी याला द्यावी. तोकुगावा इएयासूने त्यालाही हरकत घेतली. दोनदा ताट वाढलं आणि दोनदा समोरून उचललं. मग 1615 साली तोकुगावांनी राजघराण्यासाठी आणि दरबारासाठी नियमच काढले. त्यांचा सारांश असा, की आपण विद्येत आणि कलेत लक्ष घालावं. म्हणजे राज्यकारभारात नाक खुपसू नये. सरकारी भाषा सगळ्या देशांत सारखीच.

तेव्हा या माणसाने विद्येत आणि कलेत लक्ष घातलं. नदीकाठी घर बांधलं, चंद्र बघायला ओटा केला, 1629 साली गेला. मुलगा तोशितादा दहा वर्षांचा. घराची रया गेली. पुढे 1642च्या सुमारास या मुलाचं लग्न मायेदा नावाच्या गडगंज सरदार घराण्यातल्या मुलीशी झालं आणि वाड्याचं काम पुन्हा जोरात सुरू झालं. जगातल्या साधेपणाच्या या सर्वोच्च नमुन्यामागे सासऱ्याची थैली होती, ही गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली.

आणि हा साधेपणा हाच माझ्या परीक्षणातला वादाचा मुद्दा आहे.

ब्रूनो ताउट नावाचा जर्मन वास्तुशिल्पी नाझींच्या राजवटीतून निसटून 1933च्या मे महिन्यात जपानात उतरला. दुसऱ्याच दिवशी, 4 मे रोजी, म्हणजे त्याच्या वाढदिवशी, यजमानांनी त्याला कात्सुराला नेलं. तो खुळावला. निक्कोची तोकुगावांची सोनेरी, रंगीत, कोरीव देवळं म्हणजे नुसता भपका, आणि कात्सुरा म्हणजे खरा जपान, असा निकाल त्याने देऊन टाकला. 1954 साली वॉल्टर ग्रोपियस आला, तोही तसाच भारावला. 1960 साली ग्रोपियस आणि तांगे केन्झो यांच्या लेखांसह इशिमोतो यासुहिरोने काढलेल्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. कृष्णधवल फोटो, सगळे काटकोन. पांढरा कागद, काळी लाकडी चौकट, संपलं. आणि या फोटोंत छप्परं जवळजवळ छाटून टाकलेली! जपानी घराचं छप्पर म्हणजे त्याचा पागोटा. तोच कापून काढायचा आणि म्हणायचं, बघा, हा माणूस किती साधा, डोक्यावर काही घालत नाही! काचेचे आणि काँक्रीटचे चौकोनी डबे बांधणाऱ्या मंडळींना 'आमचे पूर्वज' म्हणून दाखवायला एक खानदानी घर हवं होतं, ते सापडलं. (इशिमोतोने 1980च्या दशकात पुन्हा फोटो काढले, ते रंगीत. त्यात छप्परंही आली. माणूस प्रामाणिक.)

मी तर काठावर उभा राहून बघत होतो. मला साधेपणा दिसला नाही. तळ्याकाठच्या शोकिन-ते नावाच्या चहाघराच्या आतल्या भिंतीवर आणि सरकत्या दारांवर निळ्या-पांढऱ्या कागदाचे हे एवढाले चौकोन चिकटवलेत. बुद्धिबळाचा पटच उभा केलेला. ज्याने ते पहिल्यांदा चिकटवले असतील त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी नक्की विचारलं असेल, 'हे काय आणखी?' सर्वांत आतल्या नव्या वाड्यात एक फडताळ आहे, ते शिसव, एबनी अशा दूरदेशीच्या उंची लाकडांनी बनवलेलं. खिळ्यांची डोकी झाकायला नर्गिसाच्या फुलांच्या आकाराच्या धातूच्या टोप्या. दार ओढायची खोबण 'चंद्र' या चिनी अक्षराच्या आकाराची. हे काही मला आत जाऊन दिसलं नाही, पुस्तकात दिसलं. पण जिथे खिळ्यालाही फूल घालतात, त्या घराला साधं म्हणायचं असेल तर आमच्या घराला मग काय म्हणायचं? आमच्याकडे खिळ्याला कॅलेंडर असतं.

टेकाडावर एक छोटं चहाघर आहे, शोका-ते, डोंगरवाटेवरच्या टपरीसारखं केलेलं. तळ्याच्या दुसऱ्या अंगाला शोइकेन, शेतकऱ्याच्या घरासारखं. एका ओळीत सहा गोल खिडक्या आहेत त्याला. राजपुत्राने टपरी-टपरी आणि शेतकरी-शेतकरी खेळायचं! आमच्याकडे डिसेंबरात मोटारी भरून लोक हुरडा खायला जातात, गोवरीच्या धगीवर हात शेकतात, 'खरं जीवन हेच' म्हणतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की या माणसाने शेतकऱ्याच्या घरातही भिंतीच्या खालच्या पट्ट्याला परदेशी मखमल लावली. साधेपणा परवडायला ऐपत लागते, हे ताउटसाहेबाला कोणीतरी सांगायला हवं होतं. वाढदिवस असल्यामुळे कोणी बोललं नसेल.

तरीही घर सुंदर आहे, हे मान्य केलं नाही तर माझी जीभ झडेल. जुना वाडा, मधला वाडा, नवा वाडा, तिन्ही एकाच्या कोपऱ्याला दुसरा, दुसऱ्याच्या कोपऱ्याला तिसरा, असे तिरके मागे सरकत गेलेले. उडत्या बदकांची रांग जशी तिरकी असते तशी. नदीला पूर येतो म्हणून जमीन उंच खांबांवर उचललेली. त्यामुळे सबंध घर जमिनीपासून सुटल्यासारखं, आत्ता उठून जाईल असं वाटतं. घर काही कुठे गेलं नाही. एक शतक नाही, चार शतकं.

पण माझी तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. जुन्या वाड्यापुढे बांबूचा तो प्रसिद्ध ओटा आहे, चंद्र बघण्याचा. एका चहाघराचं नावच चंद्र आणि लाटा यांवरून ठेवलेलं. कात्सुरा हे नावही चंद्राचंच. चंद्रावर कात्सुराचं झाड आहे अशी जुनी चिनी समजूत. आपल्या कोजागिरीच्या साधारण महिनाभर आधी त्यांची शरदाची पौर्णिमा असते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि दाखवतात कधी? सकाळी दहा वाजता! सगळ्या फेऱ्या दिवसाउजेडी. आकाशकंदील भर दुपारी दाखवून 'बघा, किती नाजूक' म्हणण्यासारखं हे आहे. मी त्या ओट्याकडे बघत उभा होतो आणि माझ्या टकलावर ऊन पडलं होतं.

दुसरी तक्रार पानांबद्दल. मेपल रंगले होते, वादच नाही. केशरी, शेंदरी, काही काही तर असे लाल की झाडाला ताप आलाय असं वाटावं. पण खाली बघावं तर शेवाळ स्वच्छ! वरून पान पडतंय आणि खाली पान नाही. शेवटी गुपित कळलं. एका झाडामागे एक म्हातारा माळी शेवाळावर फळी टाकून बसला होता आणि हाताने एकेक पान वेचून टोपलीत टाकत होता. तांदूळ निवडावेत तसं. आमच्या हिला ते दृश्य इतकं आवडलं की ती थांबलीच. सबंध कात्सुरात तिला आपल्या ओळखीचं काम करणारं एवढं एकच माणूस भेटलं होतं. मागचे गृहस्थही थांबले आणि आकाशाकडे बघू लागले.

मला मात्र वाटलं, पानगळ बघायला आलेल्याला निदान चार पानं गळलेली दिसू द्यावीत.

फेरीच्या शेवटी मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, की हे वाडे 1976 ते 1982 या काळात संपूर्ण उतरवले होते. उतरवले म्हणजे पाडले नव्हेत. छप्पर काढलं, भिंती काढल्या, खांब, तुळया, फळ्या, सगळं एकेक करून सोडवलं, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला, जिथे किडलं होतं तिथे तेवढंच कापून नवं लाकूड जोडलं आणि पुन्हा होतं तसं उभं केलं. राजपुत्राचं घराणं 1881 सालीच संपलं होतं, 1883पासून घर राजघराण्याच्या खात्याकडे. म्हणजे आत राहायला कोणी नव्हतं. तरीही सहा वर्षं लागली तर लागली.

सगळे 'वा वा' करत पुढे गेले. भाचा मात्र मागे राहिला. म्हणाला, "मामा, आपल्या वाड्याचे खांब कुठे गेले?"

हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

आमचा वाडा दोन चौकी होता. 1994 साली गेला. चौदा वारस, नऊ भाडेकरू, पाच-सात रुपये भाडं, मागच्या सोप्याची तुळई वाकलेली, आणि एक बिल्डर दर रविवारी बर्फी घेऊन येणारा. थोरला म्हणून सगळे कागद माझ्या सहीने झाले. ताई, म्हणजे या भाच्याची आई, तेवढी नको म्हणत होती. पण मुलींचं माहेर असतं, सही असते. मत असतं असं त्या वेळी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शेवटी तिनेही सही केली. हा पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत चौकातल्या खांबांना शिवून 'डबा ऐसपैस' खेळायचा. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, एकाच्या अंगावर आमच्या पणजोबांपासून सगळ्या पोरांच्या उंचीच्या रेघा.

"जुनं लाकूड घेणारा आला होता," मी म्हटलं, "त्याने घनफुटाच्या भावानं नेले."

"मोजून?"

"मोजूनच तर. पावती आहे माझ्याकडे."

पावती खरंच आहे. का जपून ठेवली आहे ते मलाही सांगता येणार नाही. तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे, भाव घनफुटावरच असतो." पोरगा इंजिनिअर आहे, आणि स्वभावानं बापावर गेलाय. पुढे मार्गदर्शक बाई माणसं मोजत होत्या. एकोणीस भरली. मागून खोकला आला. विसावा मी होतो.

रात्री हॉटेलात मी राखी मोजे काढले. कोरे करकरीत, आत जाताना होते तसेच. ही म्हणाली, "ठेवून द्या, परत आल्यावर उपयोगी पडतील." परत कधी येणार होतो कोण जाणे.

मग ताईला फोन लावला. पुण्यात संध्याकाळ होती. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"कसा होता रे राजवाडा?"

"चांगला होता."

"आत जाऊ दिलं?"

"नाही. बाहेरूनच."

"मग बघितलंस काय?"

मी तिला तळं सांगितलं, माळी सांगितला, माहेरच्या समुद्राची गोष्ट सांगितली. ती हूं हूं करत होती. मग वाडा उतरवल्याचं सांगितलं. सहा वर्षं, प्रत्येक लाकडाला नंबर, पुन्हा जसाच्या तसा. त्यावर पलीकडून हूं आलं नाही. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं.

"आहे, आहे," ताई म्हणाली. आणि मग, "नंबर कशानं घातले होते रे? खडूनं?"